व्याख्यान आपल्या बैठकीत

व्याख्यानमालेत रोज नवा वक्ता, नवा विषय. परिसंवादात विषय एकच, बोलणारे अनेक. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते. विज्ञान, इतिहास, साहित्य, सगळं ऐकायला मिळतं.

पण व्याख्यानं बहुधा संध्याकाळी, अन् तेव्हा आपण चुलीपाशी! म्हणून कर्जत-खालापूरच्या आमच्या गटांनी लावणी उरकल्यावर दुपारच्या बैठकीतच व्याख्यान ठेवलं. हप्ते जमा झाले की अर्धा तास वक्त्याचा, अर्धा तास आमच्या प्रश्नांचा. पहिला विषय सातबारा. एकीने विचारलं, "यात माझं नाव कुठं?" मग सगळ्याच बोलू लागल्या.

तुम्हीही आधी विषय ठरवा. तलाठी, शिक्षिका, नर्सताई, वक्ते जवळच सापडतील.