एका हाताचे अंतर

ग्वाल्हेरची थंडी दक्षिणेतून आलेल्या मराठी माणसास प्रथम चकवते. दिवसा उन्हात बसले म्हणजे हवा मोठी सुखद वाटते. परंतु सूर्य कलला की दगडी घरे भराभर गार पडू लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो, आणि धुके दाट असले म्हणजे सकाळ बरीच वर आली तरी ऊन दिसत नाही. अशा दिवसांत विस्तवाचा सहवास साहजिकच वाढतो. शहरातील पुष्कळ घरांतून गॅसच्या आगमनाने चूल गेली. तरी वाड्याच्या मागील अंगणात, गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत, शहराच्या कडेच्या वस्तीत आणि सभोवारच्या खेड्यांत ती आजही पेटते. कोठे तिच्यावर भाकरी भाजली जाते, कोठे स्नानाचे पाणी तापते. गारठ्यामुळे दारे-खिडक्या बंद होतात, आणि धुराचे काय करावयाचे हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

या प्रश्नाला ग्वाल्हेरमध्ये एक विशेष बाजू आहे. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. छावणीतील चूल उघड्यावर पेटते; तिच्या धुराला वाट दाखवावी लागत नाही. छावणीचे घर झाले की मात्र धूर अडतो. महाराष्ट्रातील कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि गवाक्षातून तो थोडाबहुत तरी निसटतो. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांवर दगडी पट्ट्यांचे धाबे असते. पट्टीला पट्टी लागलेली, वर चुन्याचा कोबा. त्यातून धुराला जावयास मार्ग नाही. तो छताखाली साठतो, तुळयांना काजळी चढवितो आणि चुलीपाशी बसलेल्या गृहिणीच्या डोळ्यांत व छातीत शिरतो. लाकडाच्या धुराने दमा बळावतो, लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो, ही गोष्ट आता वैद्यकशास्त्राने पुरती मान्य केली आहे.

धूर बाहेर नेण्याचे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी तयार केलेली मगन चूल पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल बनविली आणि १९५३ मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला. या साऱ्या प्रयत्नांचा मुख्य भर चुलीवर होता, आणि ते योग्यही होते. परंतु चुलीला नळी जोडली की ती नळी घराच्या भिंतीतून किंवा छपरातून बाहेर काढावी लागते. धूर जेथे घर सोडतो, तेथेच घराला आग लागण्याचा संभव अधिक असतो, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही.

भिंत दगडाची किंवा विटांची असेल तर काळजी थोडी. मात्र दगडी दिसणारे प्रत्येक घर दगडीच असते असे नाही. खिडकीवर लाकडी पाट असतो, धाब्याखाली तुळया असतात, पोटमाळ्याला फळ्या असतात. घराच्या वाटण्या झाल्या म्हणजे एका खोलीच्या दोन करण्यासाठी फळ्यांची किंवा प्लायवुडची आडभिंत येते. गच्चीवरील खोलीला बांबूचे तट्टे लावलेले असतात. खेड्यांत तर गवताचे छप्पर आणि कुडाची भिंत यांनीच घर बनते. अशा भिंतीला भोक पाडून त्यातून पत्र्याची नळी आरपार काढणे आणि फट राहू नये म्हणून भोवती चिंध्या किंवा गवत कोंबणे, हा प्रकार दिसावयास सोयीचा, परंतु परिणामी अत्यंत घातक होय.

तो घातक का, हे समजण्यासाठी लाकूड कसे पेटते ते पाहिले पाहिजे. लाकडाला ज्वाळा लागली तरच ते पेटते, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ज्वाळेचा स्पर्श नसतानाही लाकूड पेटू शकते. ताजे, धडधाकट लाकूड पेटण्यास साधारणपणे २५० ते ३०० अंश सेल्सियस उष्णता लागते. परंतु तेच लाकूड त्याहून पुष्कळ कमी तापात रोज तास-दोन तास शेकत राहिले, तर त्यातील ओलावा निघून जातो, ते हळूहळू करपते आणि त्याचा पृष्ठभाग कोळशासारखा होतो. असे करपलेले लाकूड ताज्या लाकडापेक्षा सहज धुमसू लागते. हे काम एका दिवसाचे नसते. त्याला काही महिने, कधी काही वर्षेही लागतात. म्हणूनच “इतकी वर्षे नळी येथेच आहे, कधी काही झाले नाही” हे वाक्य निर्भयतेची खूण नसून उलट सावध होण्याचे कारण आहे. भिंत आतल्या आत तयार होत असते. मग एखाद्या रात्री पाहुणे येतात, चूल नेहमीपेक्षा मोठी पेटते, आणि घर निजल्यावर भिंतीच्या पोटात ठिणगी जागी होते.

दुसरी समजूत अशी की, लाकडावर पत्रा ठोकला किंवा मातीचा गिलावा दिला म्हणजे ते सुरक्षित झाले. पत्रा जळत नाही हे खरे. पण न जळणे आणि ताप अडविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. फळीला घट्ट चिकटलेला पत्रा नळीचा ताप जसाच्या तसा फळीकडे पोहोचवितो. दगडाची फरशीही तेच करते, केवळ काही वेळ अधिक घेऊन. तापाला खरोखर अडविते ती खेळती हवा. पत्रा फळीपासून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे, लोखंडी वा चिनी मातीच्या आधारांवर उभा केला आणि खाली-वर हवेला वाट ठेवली, तर गार हवा खालून शिरते, तापून वर निघून जाते आणि पत्र्यामागील फळी थंड राहते.

अमेरिकेसारख्या देशांत, जेथे लाकडी घरे आणि लाकडाच्या शेगड्या पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत आल्या, तेथील अग्निसुरक्षेच्या नियमांत एकेरी पत्र्याची नळी आणि कोणतीही जळाऊ वस्तू यांत किमान अठरा इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर अंतर सांगितले आहे. हा आकडा मराठी घराला परका नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे जे माप, तोच आपला जुना हात. दोन वितींचा, अठरा इंचांचा. तेव्हा सारा नियम एका वाक्यात सांगता येतो: तापती नळी आणि लाकूड यांत एका हाताचे अंतर हवे. मागे हवा खेळेल असा पत्रा उभा केल्यास हे अंतर काहीसे कमी करता येते. तरीही ते एका वितीच्या आत आणू नये.

मग भिंतीतून नळी न्यावयाची कशी? भिंतीपाशी तर एका हाताचे अंतर ठेवणे अशक्य दिसते. याचे पहिले उत्तर असे की, शक्य असल्यास चुलीची जागाच बदलावी. घरात दगडाची एक जरी भिंत बाहेरच्या बाजूस असेल तर चूल तिला लागून मांडावी. दुसरे उत्तर, जळाऊ भिंतीचा तेवढा भागच काढून टाकावा. नळीच्या चारही बाजूंस किमान ३० सेंटिमीटर विटांचे बांधकाम येईल एवढे मोठे खिंडार पाडावे लागते. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीसाठी ते सुमारे ७० सेंटिमीटर रुंद आणि तितकेच उंच होईल. त्याच्या माथ्यावर आधार म्हणून दगडी पट्टी टाकावी. ग्वाल्हेरमध्ये तिची वाण नाही. मध्यभागी भाजलेल्या मातीचे नळकांडे विटांत पक्के बसवावे आणि पत्र्याची नळी त्याच्या आत सरकती ठेवावी. लोखंड तापल्यावर वाढते. नळी भिंतीत चिणून टाकली तर सांधे तडकतात. कुडाच्या झोपडीत तर चुलीमागील संपूर्ण पाखे विटामातीने बांधून घेणे हेच सोपे आणि कमी खर्चाचे.

गवताच्या छपरातून नळी काढण्याचा विचार मात्र सर्वथा सोडून द्यावा. तेथे नळी बांधलेल्या भिंतीतून बाहेर काढून मग उभी करावी आणि छपराची वळचण तिच्यापासून एक हात दूर राहील इतकी छाटावी. शेंड्यावर ठिणग्या अडविणारी जाळी आणि पावसासाठी टोपी बसवावी. उन्हाळ्यात तर हे छप्पर अधिकच जपावे लागते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, दुपारभर लू वाहते आणि गवत इतके वाळते की एका ठिणगीने आळी पेटावी. भर लूमध्ये चूल न पेटविण्याची अनेक खेड्यांतील जुनी शिस्त अंधश्रद्धेतून आलेली नाही.

नळी बाहेर काढली एवढ्याने धूर बाहेर जातो असेही नाही. भिंतीतून आडवे डोकावणारे नळीचे तोंड वाऱ्यासमोर आले की धूर उलट घरात येतो. धुराला ओढ लागते ती नळीच्या उंचीमुळे. तापलेली हवा हलकी असते. तिचा स्तंभ जितका उंच, तितकी खालची हवा जोराने ओढली जाते. म्हणून आडवा भाग शक्य तितका थोडा ठेवावा, त्याला बाहेरच्या दिशेने मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर चढ द्यावा आणि दोनांहून अधिक वळणे घेऊ नयेत. नळी छपरातून निघते तेथून तिचे तोंड किमान ९० सेंटिमीटर वर हवे, आणि तीन मीटरांच्या आत जे काही उंच असेल, आढे असो वा शेजारच्या गच्चीचा कठडा, त्याहून ते ६० सेंटिमीटर उंच असावे.

नळी जाड लोखंडी पत्र्याची किंवा भाजलेल्या मातीची घ्यावी. पूर्वी सुधारित चुलींना अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्या सर्रास लावीत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने जुनी नळी घासू, कापू वा फोडू नये. सांधे जोडताना वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत बसवावे, म्हणजे आत ओघळणारा डांबरट द्रव बाहेर गळत नाही.

हा द्रव म्हणजे दुसरे संकट होय. ओले लाकूड जळताना आग मंद राहते, धूर गार पडतो आणि नळीच्या आतल्या अंगास काळे, चकचकीत डांबर धरते. हे डांबर पेटले की नळीतच वणवा भडकतो, घरघर असा मोठा आवाज होतो आणि उष्णता १००० अंशांवर जाऊ शकते. अशा वेळी एका हाताचे अंतर हीच घराची ढाल. बाभळीचे सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून, आडोशाला रचून वर्षभर वाळू द्यावे. दोन लाकडे एकमेकांवर आपटली असता खणखणीत आवाज आला की ते जळणास योग्य समजावे. थंडीच्या दिवसांत नळी महिन्यातून एकदा उतरवून झाडावी. नळीतील आग पेटलीच तर चुलीचे तोंड झाकून हवा तोडावी, सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. तापल्या नळीवर पाणी ओतू नये, ती फुटते.

थंडीच्या भरात एक चूक वारंवार घडते. निजताना खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे घट्ट लावली जातात. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ती निर्धोक वाटते. परंतु त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि झोपलेल्यांना उठू देत नाही. धुराड्याच्या चुलीलाही ताजी हवा लागतेच. नळी जितकी हवा बाहेर टाकते तितकी कोठून तरी आत यावी लागते. म्हणून स्वयंपाकघराची एक झडप कितीही गारठा असला तरी उघडी राहिली पाहिजे.

सगळे बांधून झाल्यावर तपासणी सोपी आहे. चूल तासभर चांगली पेटू द्यावी आणि नळीच्या जवळच्या लाकडावर तळहात ठेवावा. तो तेथे सहज टिकला तर बांधकाम ठीक. चटका बसून हात मागे घ्यावा लागला, तर भिंत करपू लागली असे समजून त्याच दिवशी चूल बंद करावी. ही परीक्षा नळी बसविली त्या दिवशी तर घ्यावीच, पण दर हिवाळ्याच्या आरंभीही घ्यावी. कारण सांधे ढळतात, विटांतील माती झडते, आणि कोणीतरी नळीमागे सरपणाची मोळी नाहीतर वाळत घातलेले घोंगडे ठेवून जाते.

घर बांधताना माणूस मापे घेतो ती भिंतींची, दारांची आणि खांबांची. रिकामी जागा सहसा कोणी मोजीत नाही. ती वाया गेली असेच वाटते. चुलीमागील हातभर मोकळी जागा मात्र वाया जात नाही. थंडीच्या रात्री दारे लावून घरातील मुले निजतात, तेव्हा त्यांच्या आणि विस्तवाच्या मध्ये तीच जागी असते.