शनिवारी निघावे, रविवारी परतावे
उरला औद्योगिक वसाहतीतून एका रात्रीच्या सायकल-मुक्कामाचे नियोजन

रजेचा हिशेब बँकेतील माणसाला सांगावा लागत नाही. किती रजा शिल्लक आहे, किती पुढे ओढता येईल आणि प्रवास सवलतीचा कालखंड कधी संपतो, हे त्याला तोंडपाठ असते. तरीही मोठी सहल दरवर्षी पुढे ढकलली जाते. कधी मार्चअखेर आड येतो, कधी मुलांच्या परीक्षा, कधी लेखापरीक्षण. आमच्या ग्राहकांची, विशेषतः लघुउद्योजकांची स्थिती तर याहून बिकट. त्यांना रजा मंजूर करणारा साहेबच नसतो! दि. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा झाला. महिन्यातून दोनदा लाभणारे हे जोड-दिवस बहुधा वाणसामान, दुरुस्त्या आणि लग्नकार्ये यांत संपून जातात. त्यांपैकी केवळ चोवीस तास बाजूला काढून सायकलने शहराबाहेर जावे, एक रात्र उघड्यावर काढावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी असावे, असा एक उपक्रम आम्ही काही मंडळी गेले काही हिवाळे करीत आहोत. त्याचे नियोजन वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न.

आमची शाखा रायपूरच्या उत्तरेकडील उरला येथे आहे. बदलीचा आदेश हाती पडला तेव्हा मराठी कानाला हे नाव गमतीचे वाटले. काय उरला, कोण उरला? शिल्लक मोजण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसाला याहून समर्पक ठिकाण कोणते मिळणार! प्रत्यक्षात उरला म्हणजे रोलिंग मिल, फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची अहोरात्र चालणारी वसाहत. शेजारी बिरगाव, थोडे पुढे सिलतरा. स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे काळी, बारीक धूळ खिडकीच्या गजांवर आणि सायकलच्या साखळीवर सारख्याच निष्ठेने बसते. अशा ठिकाणाहून सायकलने मुक्कामाला जाणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु सायकल ही उरल्यात हौसेची वस्तू नाही. पाळी बदलताना कारखान्यांच्या फाटकांतून जेवणाचा डबा लटकवलेल्या शेकडो सायकली बाहेर पडतात. वाहन येथे आहेच. प्रश्न केवळ दिशा बदलण्याचा आहे.

कल्पना नवीन नाही. लंडनमध्ये शिंपीकाम करणारे थॉमस हायरम होल्डिंग यांनी १८९७ साली आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकलवर तंबू लादून प्रवास केला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. १९०१ साली त्यांच्या पुढाकाराने सायकल-मुक्काम करणाऱ्यांची पहिली संघटना स्थापन झाली. होल्डिंग शिंपी होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कापड किती हलके असावे आणि शिवण कोठे घालावी, हे ज्याला कळते त्यालाच सायकलवर घर नेता येते. अगदी अलीकडे अमेरिकेतील सायकल-निर्माते ग्रँट पीटरसन यांनी चोवीस तासांच्या आत आटोपणाऱ्या एका रात्रीच्या सहलीचा पुरस्कार केला आणि तिला एक आटोपशीर सांकेतिक नावही दिले. त्यांचे म्हणणे साधे आहे. लांबच्या सफरीसाठी वेळ, पैसा आणि घरच्यांची संमती या तिन्ही गोष्टी लागतात; एका रात्रीसाठी तिन्ही थोड्या लागतात, म्हणून ती खरोखर घडते.

नियोजन करताना बहुतेक जण 'कोठे जायचे' येथून आरंभ करतात. माझ्या मते आरंभ परतीपासून करावा. रविवारी दुपारी बारा वाजता घरी पोहोचायचे असेल आणि सामानासह सायकलचा वेग ताशी बारा किलोमीटर धरला, तर सकाळी सातला निघून, वाटेत चहा-पोह्यांसाठी थांबून, पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. तीच आपली मर्यादा. शनिवारी उत्साहाच्या भरात ऐंशी किलोमीटर जाता येतात. रविवारी उन्हात तेवढेच परत यावयाचे असतात, आणि सोमवारी काउंटर उघडायचा असतो.

दुसरी मर्यादा सूर्याची. मुंबईहून येथे बदलून आलेल्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही. घड्याळ तेच असले तरी रायपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला आहे. येथे सूर्य सुमारे ३५ मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या आतच सूर्यास्त होतो आणि सहा वाजता अंधार. तेव्हा तंबू पाच वाजता उभा हवा. कामकाजाच्या शनिवारी शाखा बंद करून संध्याकाळी निघण्याचा मोह हिवाळ्यात सर्वथा टाळावा. नोव्हेंबरापासून धानखरेदी सुरू होते आणि धानाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यांतील कित्येकींना मागे दिवा सोडाच, लाल परावर्तकही नसतो. अंधारात त्यांच्या मागे किंवा पुढे सायकलस्वार असणे, दोन्ही धोक्याचे.

उरल्यातून बाहेर पडणे हा या सहलीचा सर्वांत कठीण भाग आहे. सकाळी सहाची पाळी बदलून गर्दी ओसरली की पावणेसातच्या सुमारास निघावे. भनपुरीवरून शहर ओलांडून पचपेढी नाक्यापर्यंतचा टप्पा बाजारपेठा उघडण्यापूर्वी पार करावा. तेथून धमतरी मार्ग सुरू होतो. थोडे अंतर वाढले तरी चालणार असेल, तर नवा रायपूरच्या रुंद आणि तुलनेने मोकळ्या रस्त्यांनी अभनपूर गाठणे अधिक सुखाचे. पूर्वी या बाजूला रायपूर-धमतरी ही छोट्या मापाची रेल्वे धावत असे आणि अभनपूरहून तिचा एक फाटा राजिमला जाई. तो मार्ग आता रुंद झाला असून २०२५ साली रायपूरहून अभनपूर व पुढे राजिमपर्यंत गाडी सुरू झाली. थकवा आला किंवा सायकल बिघडली तर हा एक आधार आहे; मात्र सायकल नेण्याविषयीची चौकशी निघण्याआधीच स्थानकावर करून ठेवावी.

राजिम हेच आमचे आवडते ठिकाण. उरल्यापासून साधारण पंचावन्न किलोमीटर. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा येथे संगम होतो. काठावर आठव्या शतकाच्या सुमाराचे राजीवलोचन मंदिर आणि नदीच्या पात्रात उंच चौथऱ्यावर कुलेश्वर महादेव. डिसेंबरातील पहाटे संगमावर धुके उतरते आणि कुलेश्वराचे शिखर काही काळ अधांतरी तरंगल्यासारखे दिसते. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी जत्रा भरते. ती पाहण्याजोगी आहे, पण शांत मुक्कामासाठी नव्हे. जवळच चंपारण्य हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान. तंबू नको असलेल्या कुटुंबीयांना तेथील धर्मशाळा सोयीच्या. ज्यांना पहिल्याच वेळी शहर ओलांडायचे नसेल त्यांनी उत्तरेला, सिमग्याच्या बाजूस, खारून आणि शिवनाथ यांच्या संगमावरील सोमनाथ गाठावे. तो टप्पा अर्ध्या दिवसाचाही नाही; मात्र सिलतऱ्याच्या ट्रकांमधून जाण्याची मनाची तयारी हवी. विटांच्या लक्ष्मण मंदिरासाठी ख्यात असलेले सिरपूर मला मनापासून प्रिय आहे. राणी वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ बांधविलेले हे सातव्या शतकातील मंदिर पाहताना सायकलचे सर्व श्रम विसरायला होतात. तरीही एका रात्रीच्या यादीत मी त्याचा समावेश करणार नाही. अंतर जास्त आहे आणि महासमुंद जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात रानटी हत्तींचा वावर असतो. तेथे जावे ते दोन रात्रींसाठी, आणि झोपावे पक्क्या छपराखाली.

आता मुक्कामाच्या जागेविषयी. राजिमला नदीची स्वच्छ, सपाट वाळू पाहून तंबू तेथेच ठोकावा असे कोणालाही वाटेल. तसे करू नये. वर महानदीवर गंगरेल आणि पैरीवर सिकासार ही धरणे आहेत. पाणी केव्हा सुटेल हे वाळूवर झोपलेल्या माणसाला कोणी कळवीत नाही. धान कापलेले शेतही रिकामे समजू नये. छत्तीसगडात उभ्या धानातच तिवरा फेकून पेरण्याची 'उतेरा' पद्धत आहे. आपल्या विदर्भात जिला लाखोळी म्हणतात तीच ही डाळ. धान कापल्यावर धसकटांमधून तिची कोवळी रोपे वर येत असतात आणि शहरी डोळ्यांना ते गवत वाटते. त्यावर तंबू पसरणे म्हणजे एखाद्याच्या चालू खात्यातून न विचारता रक्कम काढण्यासारखे आहे.

येथील शेतकरी जमिनीचे प्रकार नावानिशी ओळखतो. कन्हार म्हणजे काळी, भारी, ओल धरणारी जमीन. मटासी पिवळसर आणि हलकी. भाठा म्हणजे उंचावरची मुरमाड. आम्हांला हवी असते ती भाठा. तिच्यात खुंट्या ठोकताना हात भरून येतात, परंतु पाणी साचत नाही आणि पिकाचे नुकसानही होत नाही. जागा निवडण्यापूर्वी शेताच्या मालकाला विचारावे, सरपंचांना सांगावे आणि गावच्या कोटवाराला ओळखपत्र दाखवावे. कोटवार रात्री एक फेरी मारतो. पहिल्या मुक्कामात त्याच्या बॅटरीचा झोत तंबूवर पडला तेव्हा आम्ही दचकलो होतो. आता तो आला नाही तर चुकल्यासारखे वाटते.

सामानाविषयी लिहिण्याचा खरा अधिकार माझा नाही, आमच्या शाखेतील दफ्तरींचा आहे. निवृत्तीला आलेले हे गृहस्थ गेली अनेक वर्षे आपल्या गावाहून रोज सायकलने शाखेत येतात. 'घर असताना बाहेर का झोपायचे, साहेब?' हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे अद्याप समाधानकारक उत्तर नाही. पण सामान कसे बांधावे ते त्यांनीच शिकविले. ओझे पाठीवर मुळीच नको. ते कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितके खाली आणि समान असावे. दोरीऐवजी जुन्या ट्यूबची पट्टी वापरावी; ती ताणते आणि खड्ड्यात सैल पडत नाही. साधी काळी, पोलादी सायकल चालते, कारण तिचा टायर-ट्यूब कोणत्याही गावात मिळतो. महागड्या गिअरच्या सायकलीचा सुटा भाग मिळण्यासाठी रायपूरलाच यावे लागते. दोन माणसांचा हलका तंबू, जाळी शाबूत असलेला (डासांना गृहीत धरू नये), एक घोंगडी, पंप, पंक्चरचे साहित्य, पाने, मागचा लाल दिवा आणि माणशी तीन लिटर पाणी. एवढे सामान आठ-दहा किलोंत बसते. स्टोव्ह आम्ही नेत नाही. दशम्या, चटणी आणि शेतमालकाच्या घरचा गरम भात यांवर रात्र उत्तम निभते. भात उरला तर तो रात्रभर पाण्यात राहतो आणि सकाळी बासी म्हणून समोर येतो; कच्चा कांदा आणि हिरवी मिरची असेल तर त्यासारखी न्याहारी नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत नसते, ती गेल्या हिवाळ्यात लक्षात आली. आमचे एक ग्राहक, कास्टिंगचा छोटा कारखाना चालविणारे, बऱ्याच आग्रहानंतर सोबत आले होते. फर्नेस लावल्यापासून ते एकही रात्र उरल्याबाहेर राहिले नव्हते. नवापाऱ्याच्या अलीकडे भाठा जमिनीवर आमचे तीन तंबू होते. त्यांना झोप येईना. 'आवाजच नाही,' असे ते दोनदा म्हणाले. रात्री दोनच्या सुमारास त्यांचा मोबाइल वाजला. फर्नेसच्या अस्तरातून धातू झिरपत असल्याची मुलाला शंका होती. ते तत्काळ सायकलला हात घालू लागले. पंचावन्न किलोमीटर, धुके, आणि रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्या. आम्ही त्यांना अडविले. निघण्यापूर्वीच एका परिचिताची गाडी राखून ठेवलेली होती. हाक दिली असती तर ती दीड तासात आली असती. पण अस्तराला दीड तास थांबवता येत नाही. जे करायचे ते त्या क्षणी, तेथे उभ्या असलेल्या मुलानेच करायचे होते. ते तंबूबाहेर बसले आणि फोनवर एकेक सूचना देऊ लागले. भट्टीजवळची माणसे मागे घे. वीज तोड. मग रस लेडलमध्ये ओत. थंड पाणी चालू राहू दे. मध्येच ते थांबले, कारण पुढच्या दोन पायऱ्या मुलाने सांगण्याआधीच केल्या होत्या. मग बराच वेळ त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, बोलले काहीच नाही.

आम्ही गाडी बोलावू का, असे विचारले. त्यांनी नको म्हटले. उरलेली रात्र ते शेकोटीजवळ बसून राहिले आणि पहाटे मुलाचा पुन्हा फोन आला तेव्हा अस्तराचा खर्च, नव्या रॅमिंग मासची मागणी आणि सोमवारी शाखेत येण्याची वेळ, एवढेच बोलणे झाले.

त्या दिवसापासून आमच्या नियोजनाच्या कागदावर आणखी एक रकाना वाढला आहे: घरी आणि कामाच्या ठिकाणी निर्णय कोण घेणार, त्याचे नाव. ते नाव लिहिता येत नसेल तर त्या शनिवारी निघू नये. राखीव गाडी, चार्ज केलेला मोबाइल आणि प्रथमोपचाराची पेटी यांचे स्थान त्यानंतरचे.

त्याच गृहस्थांनी येत्या चौथ्या शनिवारचे विचारले आहे. या वेळी सोमनाथ ठरले आहे, आणि दफ्तरींनी त्यांच्यासाठी जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.