पैनगंगेच्या काठचे बर्फाचे ओरखडे

बुलढाणा जिल्ह्यात बर्फ पाहायचा तर गारपिटीची वाट पाहावी लागते, आणि ती कोणी पाहत नाही. तरीही या जिल्ह्यात उगम पावणारी एक नदी खाली जाऊन जिथे पोचते, तिथे तिच्या काठी कधीकाळी खऱ्याखुऱ्या हिमनद्या होत्या. नदी आपली रोजच्या ओळखीची, पैनगंगा. अजिंठ्याच्या डोंगररांगेत मढजवळ बुधनेश्वरला तिचा उगम. येळगावच्या धरणात थांबून ती बुलढाणा शहराला पाणी देते, पुढे मेहकरवरून जाते आणि वाशिम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ असे जिल्हे ओलांडत चंद्रपूरच्या सीमेवर वर्धा नदीला मिळते. वढ्याच्या त्या संगमावर कार्तिकीला जत्रा भरते.

उगमापासून बराच काळ तिच्या पात्रात एकच खडक दिसतो, काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्याचाच हा दगड. आपल्या विहिरी त्यातच खोदलेल्या, आपली काळी माती त्यातूनच झालेली. बुलढाण्यातल्या माणसाला जमीन म्हणजे हाच दगड वाटावा, इतका तो सर्वदूर आहे. पण पूर्वेकडे हे लाव्ह्याचे पांघरूण विरळ होत जाते. यवतमाळ-चंद्रपूरच्या हद्दीवर ते संपते आणि त्याच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. नदी पुढे वाहते आणि खडकांचे वय मात्र मागे मागे जाते.

इथे इरई नावाचे गाव आहे. चंद्रपूरजवळच्या इरई नदीशी किंवा इरई धरणाशी त्याची गल्लत करू नये. हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूरच्या पश्चिमेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली इथल्या खडकाची हकीकत छापली. तळाला चुनखडी, तीच जिच्यावर आज कोरपना-राजुरा भागातले सिमेंट कारखाने चालतात. तिचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे. वर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला मातकट थर, आणि त्यातल्या काही गोट्यांवरही तसेच ओरखडे.

हे वाहत्या पाण्याचे काम का नाही, ते समजून घेण्यासारखे आहे. पाणी निवड करते. वेग असेल तिथे धोंडे टाकते, वेग मंदावला की वाळू, अगदी संथ झाले की गाळ. पैनगंगेचे आजचे पात्र पाहिले तरी हे कळते. बर्फ मात्र सगळे एकदम उचलतो, डोक्याएवढा धोंडा आणि पिठासारखी माती एकाच गाठोड्यात, आणि वितळला की जिथल्या तिथे टाकून देतो. आता असा सरमिसळ थर दरड कोसळूनही होऊ शकतो, चिखलाच्या लोंढ्यानेही होतो. त्यामुळे नुसता थर पाहून कोणी हिमनदी म्हणाले तर शंका घ्यायलाच हवी. पण तळात अडकलेल्या दगडांसह सरकणारा जाड बर्फ खालच्या खडकावर कानशीसारखा चालतो. तो खडक घासतो, चरे पाडतो, आणि त्या घासण्यात वरचे गोटेही एखाद्या बाजूने सपाट होतात. थर, गोटे आणि तळाचा खडक या तिघांची साक्ष इरईला एकाच जागी मिळते. या जागेचे मोल त्यात आहे.

ओडिशातल्या तालचेरला असाच गोट्यांचा थर आधी सापडला होता. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५६ साली तो बर्फाने वाहून आणला असावा असे सुचवले. उष्ण कटिबंधात बर्फ! हे पचनी पडणे सोपे नव्हते. इरईच्या घासलेल्या खडकाने त्या तर्काला आधार दिला. पुढे १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी या जागेचा पुन्हा बारकाईने अभ्यास करून तो पुरावा मांडला.

कोडे सुटले ते भूखंड सरकतात हे पटल्यावर. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका जोडलेले होते, आणि आपला भाग दक्षिण ध्रुवाकडे कललेला होता. या सगळ्या भूभागांवर त्याच सुमाराचे गोट्यांचे थर सापडतात. त्या जोडभूमीला भूवैज्ञानिक एडवर्ड सुएस यांनी गोंडवनाचे नाव दिले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्यांच्या मुलखाचे नाव असे जगभर गेले.

मला स्वतःला अधिक ओढ आहे ती बर्फ मागे हटल्यानंतरच्या गोष्टीची. हिमनदी आटू लागली की तिच्यापुढे गोट्यांचे ढीग उरतात, वितळपाण्याची तळी साचतात आणि त्यांत बारीक गाळ पातळ पातळ थरांनी बसतो. तरंगत्या बर्फातून मध्येच एखादा धोंडा सुटून त्या मऊ गाळात रुततो. तालचेरच्या थरांतला हिरवट गाळखडक सुयांसारख्या तुकड्यांत फुटतो, तो याच काळातला. बर्फ वितळला तसा समुद्रही चढला. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला, हसदेव नदीच्या काठी, याच काळातल्या आणि तालचेर याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत थंड पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या त्या जागी तेव्हा किनारा होता.

मग हवा उबदार झाली. मोकळ्या झालेल्या दऱ्यांतून नद्या वाहू लागल्या, दलदली झाल्या, ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांची दाट वने उभी राहिली. ती गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा हाच. खाणींच्या या पट्ट्यात कोळशाच्या थरांखाली खोल गेले, तर हिमनदीने टाकलेले गोटे लागतात. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्राची कहाणी सांगताना कोळशापाशी थांबायची सवय आपल्याला लागली आहे. ती त्याच्या खालच्या बर्फापासून सुरू व्हायला हवी.

बुलढाण्याच्या शाळांच्या सहली लोणारला जातात, आणि त्या जायलाच हव्यात. पण आकाशातून पडलेल्या दगडाचे कौतुक करणाऱ्या जिल्ह्याने आपल्याच नदीने उघडा केलेला हा दगडही मुलांना दाखवावा असे मला फार वाटते. चुनखडीला भाव आहे, कोळशाला आहे. त्या दोन्हींच्या मधल्या गोट्यांच्या थराला बाजारात भाव नाही. म्हणून इरईच्या खडकाभोवती साधे कुंपण हवे आणि शेजारी मराठीत लिहिलेला फलक. त्यावर बर्फाची दिशा बाणाने दाखवावी, वये आकड्यांत लिहावीत, आणि नकाशात पैनगंगा बुधनेश्वरपासून काढावी.