किराईत कोणते? डासजन्य विषाणुज्वर आणि वनस्पतिनामांचा प्रश्न

डेंगी आणि चिकुनगुनिया हे दोन्ही ज्वर एडिस डासांमार्फत पसरतात. दोहोंचे कारण विषाणू होय, आणि दोहोंवरही थेट विषाणूला आवरणारे सिद्ध औषध अद्याप वैद्यांच्या हाती नाही. विश्रांती, ज्वर उतरविणारे साधे औषध आणि बेताने दिलेले द्रव यांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा स्थितीत जुन्या वैद्यकग्रंथांतील ज्वरघ्न वनस्पतींकडे संशोधकांची दृष्टी वळावी हे स्वाभाविक आहे. परंतु अमुक वनस्पती विषाणूवर चालते काय, या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न उभा असतो : ग्रंथातील नाव कोणत्या वनस्पतीचे?

‘किराततिक्त’ हे नाव घेऊ. किरातांच्या, म्हणजे हिमालयातील डोंगरी लोकांच्या, प्रदेशातील कडू वनस्पती असा त्याचा अर्थ. ती स्वर्टिया चिरायता होय असे सामान्यतः मानतात. निघंटूंत तिलाच ‘भूनिंब’, म्हणजे जमिनीवरचा निंब, असा पर्याय दिलेला आढळतो. आता तमिळमधील ‘निलवेंबु’ हा शब्द पाहावा. ‘निलम्’ म्हणजे भूमी, ‘वेंबु’ म्हणजे निंब; अर्थ अक्षरशः तोच. पण निलवेंबु म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, अडुळशाच्या कुळातील एक मैदानी वनस्पती. बंगालीत तिला कालमेघ म्हणतात. शब्द जुळले, वनस्पती मात्र जुळल्या नाहीत.

मराठीने ही अडचण आपल्या परीने सोडविलेली दिसते. हिमालयातून वाळलेल्या काड्यांच्या रूपाने काष्ठौषधींच्या दुकानात येणारे ते ‘काडेकिराईत’, आणि परसात वा रानात हिरवे मिळणारे ते ‘ओले किराईत’. भेद सांगणारे विशेषण बोलीत टिकले. छापील याद्यांत मात्र नुसते ‘किराईत’ उरते. वाचकाला ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती तशी नाही. दोन्ही वनस्पती सारख्याच कडूजहर असल्या, तरी ओल्या किराइताचा कडवटपणा मुख्यतः अँड्रोग्राफोलाइडचा, तर काडेकिराइताचा अमारोजेंटिनसारख्या अगदी वेगळ्या घडणीच्या द्रव्यांचा. पेशीसंवर्धनात डेंगी आणि चिकुनगुनिया या दोन्ही विषाणूंची वाढ रोखल्याचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत, ते अँड्रोग्राफोलाइडचे. त्यांचा आधार देऊन कोणी काडेकिराइताचा काढा पाजला, तर तो आधार निराधार ठरतो. शिवाय हे द्रव्य तोंडावाटे घेतल्यास रक्तात अल्प प्रमाणातच पोहोचते; काचपात्रातील यश रुग्णाच्या देहात उतरेलच असे नाही.

तमिळनाडू शासनाने २०१२ च्या डेंगीच्या साथीत वाटलेल्या ‘निलवेंबु कुडिनीर’ या सिद्धवैद्यकातील काढ्यात नऊ घटक आहेत. त्यांतील निलवेंबु, रानपडवळ आणि मिरी वगळली, तर उरलेली सहा द्रव्ये चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेतील षडंगपानीयाशी जुळतात : मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य आणि शुंठी. दोन परंपरांतील हे साम्य लक्षणीय आहे. पण येथेही नाव फसविते. ‘पर्पट’ म्हणून उत्तरेत फ्युमारिया, बंगालात ओल्डनलँडिया आणि तमिळ प्रदेशात मोल्लुगो वापरतात. तिन्हींची कुळे निराळी. तेव्हा एका प्रांतातील काढ्याची चाचणी दुसऱ्या प्रांतातील काढ्याला लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. त्यात ग्रंथांतील ‘ज्वर’ हे नावही व्यापक. हिवताप, विषमज्वर, डेंगी हे सारे त्यात सामावतात. ‘चिकुनगुनिया’ या शब्दाची गोष्ट वेगळी. तो पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला. रुग्ण सांध्यांच्या वेदनेने वाकतो, ती अवस्था तो सांगतो. १९५२-५३ च्या साथीत तो वैद्यकात आला. १९७३ मध्ये हाच ज्वर सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे पसरला होता.

नावाचा निर्णय लागला म्हणजे काय घडते याचे उदाहरण चीनमध्ये सापडते. तो रोग हिवताप. डासजन्यच, पण विषाणूचा नव्हे. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ‘छिंगहाव’ पाण्यात भिजवून तिचा रस पिळून काढावा असे सांगितले आहे. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे तू यूयू यांनी ताडले, आणि १९७१ मध्ये ईथरने अर्क काढला. परंतु छिंगहाव या नावाखाली आर्टिमिसियाच्या अनेक जाती विकल्या जात. आर्टिमिसिनीन मिळाले ते आर्टिमिसिया अॅन्युआ या जातीत, जिला चिनी वनस्पतिशास्त्रात छिंगहाव हे नावच नाही. तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पपईच्या बाबतीत ओळखीचा घोळ नाही. हे झाड अमेरिकेतून पोर्तुगीज काळात आले; ‘एरंडकर्कटी’ हे त्याचे संस्कृत नाव मागाहून घडविलेले, म्हणून तिच्या पानांच्या रसाला प्राचीन आयुर्वेदाची साक्ष काढणे व्यर्थ होय. मलेशियात २२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रसाने रक्तबिंबिकांची संख्या अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. मात्र बरा होऊ लागलेल्या रुग्णात ती आपोआपही वाढते, आणि तीव्र डेंगीत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरल्याने. हा पाझर बहुधा ज्वर उतरू लागल्यावर, एकदोन दिवसांतच होतो. त्या वेळी घरच्यांना रुग्ण सुधारतो आहे असे वाटते, आणि नेमके तेव्हाच पानांच्या रसावर विसंबून रुग्णालय टाळले जाण्याची भीती असते.