मध्यरात्रीची भेट

दिल्ली आणि मद्रास (आजचे चेन्नई) ही शहरे परस्परांपासून फार दूर आहेत. पूर्वी दिल्लीहून निघालेल्या पत्राला मद्रासला पोहोचण्यापूर्वी दोन रात्री तरी आगगाडीत काढाव्या लागत. आजारी आईचे कुशल कळावयाचे, तर मुलाने तोवर वाट पाहावी. हा विलंब टाळण्याचा मार्ग नागपूरमुळे सापडला.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता (आजचे कोलकाता) व मद्रास येथून टपाल घेऊन विमाने रात्री निघत आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान इतर तीन शहरांची पत्रे घेऊन सकाळपर्यंत आपल्या ठिकाणी परते. त्याच वर्षापासून साधी पत्रेही जादा शुल्काशिवाय विमानाने जाऊ लागली.

भेटीसाठी नागपूरच का निवडले? चार शहरे एकमेकांशी थेट जोडावयाची, तर सहा हवाई मार्ग हवेत. मध्ये एक ठिकाण धरले, की चारच पुरतात. असे ठिकाण चौघांनाही सोयीचे असावे लागते. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८५, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर आहे. आगगाडीला घाट व वळणे चुकत नाहीत, म्हणून मुंबई-नागपूर हा लोहमार्ग ८३७ किलोमीटर भरतो. विमानाला हा वळसा पडत नाही.

तरीही चारही अंतरे सारखी नाहीत. त्या काळचे डाकोटा विमान ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाई. मुंबईहून त्याला अडीच तास पुरत, तर कलकत्त्याहून साडेतीन तासांहून अधिक लागत. म्हणून एकाच वेळी पोहोचण्यासाठी कलकत्त्याच्या विमानाने तासभर आधी निघावयास हवे. शिवाय वारा समोरून आला, की वेळ वाढतो. पाठीमागून आला, की वाचतो. एका विमानास उशीर झाला, तर त्यातील पत्रांसाठी इतर तिघांना खोळंबावे लागे.

आजचे जेट विमान आकाशात ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेग गाठते. या हिशेबाने मुंबई-नागपूर प्रवास तासाभराच्या आत व्हावा. पण वेळापत्रकात त्याला सुमारे दीड तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे, यांतही वेळ जातो. केवळ अंतराला वेगाने भागून प्रवासाचा खरा वेळ निघत नाही.

ती टपालसेवा पुढे बंद झाली. परंतु दूरच्या चार शहरांची पत्रे एका रात्रीत पोहोचविण्यास वेगवान यंत्राइतकेच अचूक गणित आणि वक्तशीर माणसे लागतात, हे तिने दाखवून दिले.