नदी नगरपालिकेची हद्द पाळत नाही

महाडजवळचे सव गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाते. कुंडातले पाणी जमिनीच्या खोल भेगांत तापून वर येते. शेजारची सावित्री मात्र महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर आणि महाड ओलांडून येते. त्यामुळे महाडच्या नाल्यांचे काय करायचे हा निर्णय नगरपालिका घेते आणि त्याचा परिणाम खालची गावे भोगतात.

अशा निर्णयांत नागरिकांचा सल्ला घ्यावा, ही कल्पना काही नवी नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. स्थानिकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम. पण देशभर इतकी चालढकल झाली की राष्ट्रीय हरित लवादाला 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून, पुढे दर महिन्याला राज्यामागे 10 लाख रुपये भरपाईची तंबी द्यावी लागली. मुदतीच्या धास्तीने नेमलेल्या समित्या किती बसतात आणि किती बोलतात, हा वेगळा प्रश्न.

कागदावरच्या ठरावाचे काय होते, हे महाडला कोणी शिकवायला नको. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्ये केला होता. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता, त्याची बरोबरी समितीच्या बैठकीशी होणार नाही. पण ठराव आणि अंमल यांतले अंतर तेच आहे.

अधिकार मिळाले तर काय होते, ते डहाणूत दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश त्यांनी दिला. ती बसायला वर्षे गेली, पण बसली. नागरिक समितीकडे असा हुकूम काढण्याचे बळ नसते. तिचे बळ नोंदीत असते.

आरोग्यासाठी ही नोंद फार मोलाची ठरू शकते. 22 जुलै 2021 ला महाड बुडाले, तेव्हा महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणाची भरती खाडीतून वर चढत असली की वरून येणाऱ्या पाण्याला वाट मिळत नाही. पूर ओसरल्यावर धोका असतो लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. ताप साधारण 5 ते 14 दिवसांनी येतो. कोणत्या गल्लीत पाणी किती दिवस साचले होते हे लिहून ठेवलेले असेल, तर आरोग्य कर्मचारी आधी तिथे पोहोचतील आणि प्रतिबंधक गोळ्या वेळेत देता येतील. आज ही माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणीत असते, दप्तरात क्वचितच.

समितीच्या वहीत आणखी एक रकाना हवा, नदीच्या पाण्याचा. अंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो मोजण्याचे साधे संच मिळतात आणि महाविद्यालयातले विद्यार्थीही हे काम करू शकतात. असा आकडा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. मात्र दर आठवड्याला एकाच जागी घेतलेला आकडा अचानक घसरला, तर मंडळाला नमुना घ्यायला बोलावण्यासाठी तेवढे पुरते.

अडचण हद्दीची आहे. कायद्याप्रमाणे महाडची समिती महाडपुरती आणि सवची सवपुरती. दोन्हींच्या मध्ये नदी, आणि औद्योगिक वसाहत नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. म्हणून महाडच्या बैठकीला पोलादपूर आणि सव या दोन्ही बाजूंचा एकेक माणूस निमंत्रित म्हणून बसवावा, असे मला वाटते. त्याला मताचा अधिकार नसला तरी चालेल. पाणी कधी गढूळ झाले, मासे कोणत्या दिवशी मेले, भरतीची रेषा कुठवर आली, हे सांगायला काठावर राहणाऱ्यापेक्षा जवळचा दुसरा कोण? नालेसफाईचा हिशेब मे महिन्यात मांडला जातो. तो बरोबर होता की नाही, हे त्याला जूनमध्येच कळते.