वॉलोफिस

सरीसृप (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या) वर्गाच्या कोल्युब्रिडी कुलातील, जमिनीवर राहणारा एक बिनविषारी साप. याचे शास्त्रीय नाव वॉलोफिस ब्रॅकियूरा असे असून ‘ब्रॅकियूरा’ याचा अर्थ आखूड शेपटीचा असा आहे. हा साप फक्त भारतात आढळतो. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश या राज्यांत त्याची नोंद झाली आहे.

शरीर सडपातळ असून लांबी सु. ५०–६० सेंमी. असते. खवले गुळगुळीत असून शरीराच्या मध्यभागी त्यांच्या २३ ओळी असतात. पाठीचा रंग तपकिरी असून पुढील भागावर फिकट, अस्पष्ट खुणा असतात; पोटाकडील बाजू पांढुरकी असते. नजरेत भरेल असे ठळक लक्षण नसल्यामुळे हा साप चटकन ओळखता येत नाही.

ब्रिटिश म्यूझियममधील आल्बेर्ट ग्यूंटर यांनी १८६६ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून या जातीचे प्रथम वर्णन केले व तिचा समावेश झॅमेनिस या वंशात केला. फ्रांट्स व्हेर्नर यांनी १९२९ मध्ये तिच्यासाठी वॉलोफिस हा स्वतंत्र वंश मानला. भारतीय सापांचे अभ्यासक फ्रँक वॉल यांच्या नावावरून हे नाव दिलेले आहे. तथापि पुढे दीर्घकाळ ही जाती कोरोनेला वंशात गणली गेली. त्या वंशातील इतर साप यूरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील असल्यामुळे दख्खनच्या पठारावरील ही एकच जाती विसंगत वाटे. झीशान मिर्झा व हर्षिल पटेल यांनी २०१८ मध्ये डीएनएच्या तुलनेवरून वॉलोफिस वंशाचे पुनरुज्जीवन केले. २०१६ मध्ये गुजरातेत शोधला गेलेला वॉलेसिओफिस हा साप याचा निकटचा आप्त ठरला आहे.

ज्या परिसरामुळे ही जाती शास्त्राला ज्ञात झाली, तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पुण्याच्या उत्तरेस व वायव्येस खडकाळ माळराने होती. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. त्यानंतर चिंचवड, भोसरी व पुढे चाकणपर्यंत कारखाने व वसाहती पसरल्या. माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत अशा विस्तारास पोषक ठरते. दाट जंगलाचा नाश डोळ्यांस दिसतो. गवत, झुडपे व दगडांखालचा निवारा नाहीसा झाल्याचे मात्र सहसा लक्षात येत नाही. या सापाच्या सवयींविषयी फारच थोड्या नोंदी उपलब्ध असल्याने शिल्लक माळरानांचे रक्षण त्याच्या अभ्यासासाठीही आवश्यक आहे.